डब्याबाहेर ठेवलेली वस्तू

‘डब्याबाहेर ठेवलेली कोणतीही वस्तू कचरा समजली जाईल.’

हे वाक्य माझं. मीच लिहिलं, मीच टाइप केलं, लॅमिनेट करून भिंतीवर चिकटवलंही मीच. आणि आजही कोणी विचारलं तर ठणकावून सांगीन की वाक्यात काही चूक नव्हती. त्यात काय राहून गेलं होतं ते मला बरंच उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा मी हातात पक्कड घेऊन पायरीवर बसले होते. पण ते नंतर सांगते.

एका मालकाच्या व्यापारी इमारती सांभाळणं हे माझं काम. सीताबर्डीत एक जुनी इमारत, खाली दुकानं आणि वर ऑफिसं. प्रताप नगरात एक लहान, तिथे दवाखाने आणि एक मिठाईचं दुकान. शहराबाहेर मिहानमध्ये एक नवी, सगळी काचेची, जिथे लिफ्टमध्ये शिरलं की माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. भाडं गोळा करणारा माणूस वेगळा आहे. नळ, लाइट, लिफ्ट, झाडू आणि कचरा माझ्याकडे. म्हणजे जे बिघडतं ते माझ्याकडे.

कचऱ्याचे आमचे जुने नियम म्हणजे लिफ्टजवळ लावलेला एक कागद होता, ‘कृपया स्वच्छता राखा’. त्यावर कोणीतरी खर्ऱ्याची पिचकारी मारून ठेवलेली. इतकी वर्षं कोणाचं काही अडलं नाही. मग मिहानच्या इमारतीतल्या एका कंपनीनं करार वाढवायच्या आधी अट घातली, की मालकाच्या सगळ्या इमारतींत कचऱ्याचे नियम सारखे पाहिजेत, ओला-सुका वेगळा पाहिजे, आणि काच, कागद, लाकूड, प्लॅस्टिक ज्याचं त्याचं वेगळं निघालं पाहिजे. तिकडे सीताबर्डीत कचऱ्याची गाडीही मिसळलेला कचरा उचलायला नाही म्हणायला लागली होती. साहेब, म्हणजे आमचे मालक, मला म्हणाले, “तुम्हीच लिहा. तुम्ही कडक आहा.” त्यांना तो माझा गुण वाटतो. माझ्या घरच्यांना वाटत नाही.

लिहिलं मी. चार रंगांचे चार डबे, प्रत्येक डब्यावर चित्र. आणि सगळ्यात आधी ते वाक्य. कारण आमच्या लोकांचा खरा रोग डब्यात काय टाकतात हा नाहीच, डब्याशेजारी काय ठेवून जातात हा आहे. एक पाय मोडलेली खुर्ची, फुटलेली ट्यूबलाइट, दसऱ्याचे सुकलेले झेंडूचे हार पिशवीत बांधून, छताचे तुकडे. विचारलं की ठरलेलं उत्तर, “राहू द्या न मॅडम, कोणी तरी नेईन.” हा ‘कोणी तरी’ आजवर मला भेटलेला नाही. भेटला तर दोन शब्द सुनावीन म्हणते.

नियम लागू करायच्या आधी सीताबर्डीच्या तळघरात मी सगळ्या सफाईवाल्यांना उभं करून समजावून सांगितलं. बाकीचे माना डोलवत होते आणि गाडी लावायला येणाऱ्यांकडे बघत होते. एकच बाई होती जिला खरंच समजून घ्यायचं होतं. चाळिशीच्या आतबाहेरची, सडपातळ, आणि आवाज असा खणखणीत की तळघरात घुमायचा. इमारतीत ती बरीच वर्षं होती. घर जवळच, पायी यायची. पोरं शाळेत गेली की कामावर आणि पोरं यायच्या आत परत, असं तिचं गणित बसलेलं होतं.

“मॅडम, फ्रेम असली तं?” तिनं विचारलं. “भिंतीवरची फ्रेम. त्यात तं काच बी आहे, लाकूड बी आहे, कागद बी आहे.”

माझ्या डोळ्यासमोर वरच्या मजल्यावरच्या ऑफिसांतली सर्टिफिकेटं होती. मी म्हटलं, “खोलायची. काच वेगळी, लाकूड वेगळं, कागद वेगळा. मागं खिळे असतात, पक्कडीनं निघतात.”

“अन् डब्याच्या बाहेर ठेवून गेलं कोणी तं?”

“काय लिहिलं आहे वाच न वं. बाहेर ठेवलं तरी कचराच.”

तिनं मोठ्यानं वाचलं. मग म्हणाली, “हे बरं केलं मॅडम. नाही तं आमच्यावरच येते सगळं.”

मला तेव्हा फार बरं वाटलं होतं. एक तरी माणूस मनापासून ऐकतो, असं वाटलं.

दिवाळीच्या आधीची झाडपूस सुरू झाली. सीताबर्डीला त्या दिवसांत पाय ठेवायला जागा नसते. मी प्रताप नगरला मिठाईवाल्याशी भांडत होते, कारण तो ओल्या कचऱ्यात तुपाचे डबे टाकत होता आणि वरून मलाच पेढा खा म्हणत होता. तेवढ्यात सीताबर्डीच्या चौकीदाराचा फोन आला.

“मॅडम, लवकर या. इथं लय राडा होऊन राहिला.”

“कशाचा?”

“तिनं देवाचा फोटो फोडला म्हणतेत. लोकायनं घेरलं तिले.”

कोण ती, हे विचारावंच लागलं नाही. एका वाक्यात सगळं समजलं मला. फ्रेम. काच वेगळी, लाकूड वेगळं, कागद वेगळा. गाडी कशी चालवली ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की सिग्नलला उभी असताना मी मोठ्यानं म्हणत होते, “नको वं बाई, तोंड उघडू नको, मी येतपर्यंत तोंड उघडू नको.” शेजारचा ऑटोवाला बघत होता.

इमारतीच्या बाजूला तळघरात उतरायचा उतार आहे. उताराच्या तोंडाशी माणसंच माणसं. बाहेरच्या फुटपाथवर खरेदीला आलेले लोक थांबून माना उंचावत होते. मी खांद्यानं वाट काढत आत गेले. ती निळ्या डब्याला पाठ टेकून उभी होती. हातात पक्कड तशीच. पायाशी पुठ्ठ्याच्या खोक्यात काच, एका बाजूला फ्रेमच्या चार पट्ट्या नीट जुळवून ठेवलेल्या. आणि डब्याच्या झाकणावर, वर तोंड करून, लक्ष्मीचा कागद. सगळं नियमाप्रमाणे. माझ्या नियमाप्रमाणे.

सगळ्यात पुढे तळमजल्यावरचा साडीवाला होता. एरवी मऊ बोलणारा, गोरा, घामट माणूस. त्या दिवशी त्याच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या.

“लक्ष्मीचा फोटो! ऐन दिवाळीत! पक्कड घेऊन फोडून राहिली ही, मी डोळ्यानं पाहिलं!”

“फोडला नाही, खोलला,” ती म्हणाली. “काच पाहा न, अख्खी आहे.”

“तोंड चालवते वरून!”

मागून कोणीतरी मोबाइल उंच धरला होता. आणि मग गर्दीतून एक आवाज आला, शांत, अगदी सहज विचारल्यासारखा.

“नाव काय वं तुझं? पूर्ण सांग. आडनाव.”

मी तिच्याकडे बघून मान हलवली. सांगू नको. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि हनुवटी वर करून सांगितलं. त्या खणखणीत आवाजात. पार फुटपाथपर्यंत ऐकू गेलं असणार.

मग तोच शांत आवाज म्हणाला, “मंग बरोबर.”

मला माझ्या रागाची ओळख आहे. लहानपणापासून आम्ही सोबत आहोत. पण त्या ‘मंग बरोबर’नं जो आला तो वेगळा होता. मी मध्ये शिरले, तिच्या पुढे उभी राहिले, आणि किंचाळलेच.

“काय बरोबर? काय बरोबर आहे, सांगा न! हा नियम मी लिहिला आहे. फ्रेम खोलायची मी सांगितली. ते पाहा भिंतीवर, वाचता येते का? काय बोलायचं ते मला बोला!”

आणि इथे ती गोष्ट झाली जी मला आजही टोचते. कोणी मला काही बोललंच नाही. साडीवाल्याचा आवाज एकदम खाली आला, हात जोडून म्हणाला, “मॅडम, तुम्ही बाजूला व्हा. तुमचा काही संबंध नाही याच्यात.”

“मी लिहिलं म्हणते न!”

“तुम्ही लिहिलं असन. हात तं इनं लावला न.”

मी कितीही ओरडले तरी त्यांचा राग माझ्यावर येईना. माझ्या खांद्यावरून, माझ्या कानाजवळून तिच्याकडेच जात होता. कोणीतरी म्हणालं पोलिसात द्या. कोणीतरी म्हणालं पोलीस कायले, इथंच पाहू. चौकीदाराची खोली तिथून चार पावलांवर. मी तिचा दंड धरला, ओढतच आत नेलं, आणि आतून कडी लावली. चौकीदाराला म्हटलं दारात उभा राहा, हलू नको. बिचारा थरथरत होता, पण हलला नाही.

खोली म्हणजे एक स्टूल, एक टेबल आणि टेबलावर कॅमेऱ्यांचा स्क्रीन. ती स्टुलावर बसली. पक्कड अजून हातातच होती. दारावर कोणीतरी थापा मारत होतं.

साहेबांचा फोन आला. त्यांना दुकानदारांनी आधीच कळवलं होतं.

“अहो, दिवाळीचा धंदा आहे त्यांचा,” ते म्हणाले. “माफी मागायला लावा अन् संपवा. दोन शब्द बोलायचे आहेत फक्त. नाही मागत असन तं आजच कमी करा तिले. मले इमारतीत हे नको.”

“साहेब, तिनं नियमच पाळला.”

“नियम ठेवा हो तिकडं. लोकं दारात उभे आहेत म्हणतात.”

फोन ठेवला. तिनं सगळं ऐकलं होतं. खोली एवढीशी. मी तरीही बोलले, आणि माझा स्वतःचा आवाज मला आवडला नाही.

“दोन शब्द म्हणून टाक वं. चुकलं म्हण. जीव मोठा की शब्द मोठा?”

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे भरलेले, पण पाणी खाली येऊ देत नव्हती.

“म्हणीन मी,” ती म्हणाली. “नोकरी पाहिजे मले, पोरं आहेत. म्हणीन. पण आधी तुम्ही सांगा. कोणत्या डब्यात टाकाचं होतं? हिरव्यात, निळ्यात, लालात, का काळ्यात? चूक झाली तं बरोबर काय होतं, ते तं सांगा.”

माझ्या घरी माळ्यावर वर्षानुवर्षांच्या लग्नपत्रिकांचा गठ्ठा पडला आहे. प्रत्येकीवर गणपती छापलेला, म्हणून टाकवत नाही. मी स्वतः रोज देवापुढे दिवा लावते. आणि चार डब्यांचे नियम लिहिताना एकदाही मनात आलं नाही की ज्याला डबाच नाही असंही काहीतरी लोक टाकतात.

“कोणी ठेवला तो फोटो?” मी विचारलं.

“मले काय माहीत? भिंतीले टेकवून होता. डब्याच्या बाहेर.”

मी स्क्रीनकडे वळले. मागे नेऊन सकाळचं चित्रण लावलं. उतार रिकामा. मग एक माणूस खाली उतरताना दिसला, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. डब्याजवळ येऊन थांबला. इकडेतिकडे पाहिलं. कागद सोडला, फोटो भिंतीला टेकवून उभा केला. दोन पावलं मागे सरून चपला काढल्या. हात जोडले, वाकून फोटोला हात लावला, तो कपाळाला लावला. चपला घातल्या आणि वर निघून गेला. साडीवाला.

मी दार किलकिलं केलं आणि चौकीदाराला म्हटलं, त्याला एकट्यालाच आत पाठव.

तो आत आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर अजून मघाचा ताव होता. मी त्याला स्क्रीनवर तेच पुन्हा लावून दाखवलं. स्वतःला चपला काढताना पाहून त्याचा चेहरा हळूहळू उतरला. रुमाल काढून त्यानं मान पुसली.

“मी टाकला नाही मॅडम,” तो म्हणाला. “नवा काउंटर केला, नवा फोटो आणला. जुना मी ठेवला फक्त. नमस्कार करून ठेवला.”

“कचऱ्याच्या डब्याजवळ ठेवला.”

“कोणी तरी नेला असता न.”

“कोण?” मी म्हटलं. “कोण नेणार होतं भाऊ? हिच्याशिवाय त्या डब्याजवळ येतं कोण?”

तो तिच्याकडे बघत नव्हता. ती त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली होती, तरी त्यानं एकदाही पाहिलं नाही.

“हे मी बाहेर दाखवू का?” मी विचारलं. “आत्ता? त्या मोबाइलवाल्यासमोर?”

तो एकदम पांढरा पडला. “नको न मॅडम. दिवाळी आहे.”

“मग जा, अन् तुम्हीच आवरा.”

तो बाहेर गेला. मी दाराच्या फटीतून ऐकत होते. “जाऊ द्या हो, गैरसमज झाला,” तो म्हणत होता. “चला, चला. दुकानात गिऱ्हाईक थांबून आहे.” फोटो कोणी ठेवला ते त्यानं सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही. लोक कुरकुरत हलले. मोबाइलवाल्याला त्यानं खांद्यावर हात टाकून वर नेलं, चहा पाजायला. साडीवाल्याच्या ज्या आवाजानं पेटवलं होतं त्याच आवाजानं विझलं, आणि किती सहज विझलं ते पाहून मला जास्त भीती वाटली. झाकणावरचा लक्ष्मीचा कागद मात्र तिथेच होता. तो न्यायला कोणी थांबलं नाही. शेवटी मीच उचलला आणि पदराखाली धरून गाडीच्या डिकीत ठेवला.

मी साहेबांना फोन करून सांगितलं, मिटलं, माफीची गरज नाही. ते म्हणाले, “छान केलं. पण तिले तिथं ठेवू नका आता. लोकायच्या डोळ्यासमोर नको. मिहानले पाठवा.” मी वाद घातला, पण फार नाही. नोकरी वाचली होती. मला जिंकल्यासारखं वाटत होतं, खरंच वाटत होतं.

तिला सांगितलं तर ती म्हणाली, “हओ.” एवढंच. सीताबर्डी ते मिहान, म्हणजे सकाळी पोरं उठायच्या आत घर सोडायचं आणि अंधार पडल्यावर परतायचं. हे मला माहीत होतं आणि तिलाही माहीत होतं. पक्कड तिनं टेबलावर ठेवली. दारापर्यंत गेली आणि वळली.

“तुम्ही त्याईले ते दाखवलं नाही, बाहेरच्या लोकायले.”

“नाही दाखवलं. मग सगळे त्याच्यावर तुटून पडले असते. पुन्हा तेच.”

“त्याच्यावर नसते पडले मॅडम,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. समजावून सांगितल्यासारखं बोलली. “त्याईनं तं चप्पल काढली होती न.”

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. घरच्यांनी विचारलं तर त्यांच्यावरच खेकसले.

दिवाळीनंतर मी नियम पुन्हा लिहिले. नवं कलम घातलं, की फोटो, मूर्ती आणि पूजेचं सामान कोणत्याही डब्यात टाकू नये आणि डब्याजवळही ठेवू नये. ज्याचं त्यानं आपल्या हातानं ऑफिसात आणून द्यावं, आम्ही त्याची नीट व्यवस्था लावू. ऑफिसात झाकणाची एक स्वच्छ लाकडी पेटी ठेवली. लक्ष्मीचा तो कागद सगळ्यात आधी तिच्यात गेला. मिहानच्या कंपनीच्या बाईला हे कलम फार आवडलं. किती संवेदनशील आहे म्हणाली.

वर्षभर त्या पेटीत दुसरं काही आलं नाही. आपल्या हातानं आणून द्यायचं म्हणजे चारचौघांत दिसतं की हा देव टाकायला निघाला आहे. शेवटी मी पेटीवर फायली ठेवायला लागले. मिहानला गेले की ती भेटायची. काचा पुसत असायची. कशी आहेस म्हटलं की म्हणायची, “बरं आहे मॅडम.” पूर्वीसारखी काही विचारत नव्हती. आवाजही त्या इमारतीत खाली आला होता.

पुढच्या दिवाळीची झाडपूस आली आणि सीताबर्डीच्या उतारावर पुन्हा एक फोटो उभा होता. गणपतीचा, जुना, काचेच्या आत ओल लागून कडा पिवळ्या पडलेल्या. बरोबर माझ्या नव्या नियमांच्या खाली टेकवलेला, आणि बरोबर त्या कोपऱ्यात जिथे कॅमेरा पोचत नाही. एवढं मात्र लोक शिकले होते. तिच्या जागी आलेली नवी सफाईवाली हात मागे घेऊन लांब उभी.

“मी नाही बा हात लावत,” ती म्हणाली. “त्या बाईचं काय झालं ते माहीत आहे मले.”

डोक्यात तिडीक गेली माझ्या. फोटो उचलला आणि दुकानादुकानात फिरले. तुमचा का? नाही. तुमचा? नाही हो मॅडम. साडीवाल्यानं तर लांबूनच कान धरले. इमारतभर फिरले, गणपती कोणाचाच निघाला नाही. हाताला रग लागली. मग मी उताराच्या पायरीवर बसले आणि चौकीदाराला म्हटलं, पक्कड दे. आण इकडे, मीच करते. काच वेगळी, लाकूड वेगळं. नियम माझा आहे न, मग हातही माझाच लागू दे.

पालथा घालायला गेले आणि हात थांबला. गणपतीचं तोंड सिमेंटवर कसं टेकवायचं? उभा धरला तर खिळे निघेनात. मांडीवर आडवा घेतला तर पक्कड बसेना. घाम फुटला. मी बी.कॉम. झालेली बाई, तीन इमारती चालवते, आणि मला फ्रेम खोलता येईना. कोणी पाहत तर नाही ना, म्हणून मी मान वर करून इकडेतिकडे पाहिलंसुद्धा. हे मी तिला एका वाक्यात सांगून मोकळी झाले होते. मागं खिळे असतात, पक्कडीनं निघतात.

मी तिला फोन लावला आणि स्पीकर चालू करून पायरीवर ठेवला. काय झालं ते सांगितलं.

“ओढणी आहे का?” ती म्हणाली. “मांडीवर ओढणी टाका, तिच्यावर पालथा घ्या. वरचे दोन खिळे आधी काढा. काच शेवटी.”

“तू असंच केलं होतं?”

“हओ. पदर टाकला होता.” मग थांबून तिनं विचारलं, “कोणी पाहून राहिलं का तुमच्याकडं?”

वर जाणारे-येणारे थांबायला लागले होते. “आहेत चार जण,” मी म्हटलं.

“असू द्या. काढा तुम्ही. तुम्हाले कोणी काही म्हणत नाही.”

मी ओढणी पसरली. पहिला खिळा निघाला, दुसरा निघाला. उरलेलेही निघाले, मागचा पुठ्ठा सैल झाला आणि मी तो उचलून बाजूला ठेवला. गणपतीचा कागद सुटा होऊन माझ्या हातात आला. तेवढ्यात साडीवाला लगबगीनं खाली उतरला. माझ्या हातातल्या पक्कडीकडे पाहिलं, खोललेल्या फ्रेमकडे पाहिलं.

“अरे मॅडम, तुम्ही काहून करून राहिल्या हे?” तो कळवळून म्हणाला. “हात कापन न! अन् अशा खाली बसल्या?” मग वर तोंड करून दुकानाकडे ओरडला, “अरे, मॅडमसाठी खुर्ची आणा रे! गादीवाली आणा!”

खुर्ची आली. कोणीतरी ती फडक्यानं पुसलीही. चारही जण अदबीनं उभे होते. फोन पायरीवर तसाच चालू होता.

“बसा न मॅडम,” फोनमधून ती म्हणाली.